हरपलेली स्मृति आणि नामस्मरण

कर्ता माणूस मोटारसायकलीवरून पडतो, डोक्यास मार लागतो. दवाखान्यातून जिवंत घरी येतो खरा, पण सकाळी जेवल्याचे दुपारी विसरतो. आपल्या हिंगोली-वसमतकडे अशा वारकरी घरात मग एक निराळाच प्रश्न उभा राहतो. गळ्यात माळ आहे, ती घातल्याची याद नाही. एकादशी आहे म्हणून सांगावे, तर घटकाभरात भाकरी मागतो. व्रत मोडले काय? आणि ज्याची स्मृतीच गेली, त्याचे नामस्मरण कोठे राहिले?

सज्जनहो, स्मृति म्हणजे एकच कोठार समजल्यामुळे ही भीती वाटते. अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्या मेंदूवर १९५३ साली फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे नवे काही त्यांच्या ध्यानात राहीना. तरी आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे काम ते तीन दिवसांत शिकले. 'हे मी कधी केलेच नाही' अशी त्यांची समजूत. हात मात्र रोज अधिक सफाईने चाले. तेव्हा मुलाचे नाव न आठवणाऱ्याच्या ओठी हरिपाठ आला, तर नवल नाही. व्रताचे म्हणाल तर ज्याला उमजलेच नाही त्याला दोष कसला? भाकरी वाढावी, बोल लावू नये.

आता मेंदूत बारीक विद्युत्प्रवाह सोडून स्मृति सुधारण्याचे प्रयोग चालले आहेत. ही प्रारब्धात ढवळाढवळ, असे कोणी म्हणतात. अहो, मोडलेला पाय बांधताना प्रारब्धाला विचारतो काय आपण? पण घाईही नको. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केले की, डोक्यास मार लागलेल्या ८ रुग्णांत, फेफऱ्याच्या तपासणीसाठी मेंदूत आधीच बसवलेल्या तारांतून नेमक्या वेळी प्रवाह सोडला, तेव्हा शब्द आठवणे सरासरी १९ टक्क्यांनी वाढले. माणसे आठच, आणि शब्दांची यादी म्हणजे संसार नव्हे. एवढ्यावर शेत विकू नये. शिवाय काल 'हो' म्हणालेला आज ते विसरला असेल, तर त्याला आज पुन्हा विचारले पाहिजे. 'त्याला काय कळतंय' म्हणून अंगठा उरकून घेणे मला पटत नाही.

सरावाचे तसे नाही. तो पुष्कळसा घरी होतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत मेंदूच्या सरावावर बरीच वर्षे काम झाले आहे. यात एक गोष्ट फार मोलाची. ज्याची स्मृति फार गेली, त्याला अंदाज करावयास लावू नये. चुकीचे उत्तर तोंडातून गेले की तेच रुळते, दुरुस्ती विसरली जाते. आधी उत्तर सांगावे, मग म्हणवून घ्यावे. पुन्हा एका मिनिटाने, दोन मिनिटांनी, पाच मिनिटांनी, असे अंतर वाढवीत जावे.

आणि आपण काय करतो? भेटायला गेलेला जो तो खाटेशी बसून विचारतो, 'ओळखा पाहू, मी कोण?' तो बिचारा गोंधळून भलतेच नाव घेतो, सगळे हसतात. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली, त्यात आपल्या नरसीचे नामदेवराय कच्चे ठरले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. पण त्या पारखीनंतर त्यांना औंढ्यास विसोबा खेचरांचे पाय लाभले. आमच्या या पारखीनंतर त्या माणसाला काय लाभते? त्यापेक्षा दारातूनच म्हणावे, 'रामकृष्णहरि मामा, मी तुमचा भाचा, कळमनुरीचा.' दहादा विसरले तर दहादा सांगावे. घरची बाई दिवसातून शंभरदा सांगते. तिला कोणी साधक म्हणत नाही.

नरसीहून आषाढीची पालखी निघते, तेव्हा अशा माणसाला घरात कोंडू नये. डॉक्टरांना विचारून, झेपेल तेवढे चालवावे. सोबतीला एक जण द्यावा, खिशात नावगावाची चिठ्ठी घालावी, आणि हाती टाळ द्यावेत.