कपलर मिळतो का?

दिवाळी जवळ आली आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ‘जुना द्या, नवा घ्या’ झळकू लागलं की ओट्यावरच्या मिक्सरचे दिवस भरतात. खरं तर तो चालत असतो. आवाज थोडा वाढलेला असतो, भांड्याच्या तळातून चटणीचं पाणी झिरपत असतं. दोन्हींचा इलाज म्हणजे एक बुश आणि एक रबरी वॉशर. पण तेवढ्यासाठी दुकान शोधत कोण फिरणार, म्हणून सबंध मिक्सरच बदलला जातो.

अशा वेळी ‘जुन्या वस्तू काय मजबूत असायच्या!’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. मला ते अर्धंच पटतं. ज्या मजबूत नव्हत्या त्या केव्हाच भंगारात गेल्या. उरल्या त्यांच्यावरून आपण सगळ्या पिढीला प्रशस्तिपत्र देतो. पाट्यावरच्या चटणीची महती गाणाऱ्यांतही ती रोज वाटणारे हात फारसे नसतात. तेव्हा गहिवर बाजूला ठेवू. जुनं यंत्र टिकतं ते नेमकं कशामुळे, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

सुमीत मिक्सरचंच उदाहरण घ्या. सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्समधले अभियंते. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन मिक्सर जळाला आणि दुरुस्त होईना. भिजवलेली उडीद डाळ आणि सुकी हळकुंडं ही काही त्या यंत्राची कामं नव्हती. माथुरांनी आपल्या स्वयंपाकाला पुरेल अशी मोटर घडवली आणि 1963 साली सुमीत बाजारात आला. ही गोष्ट सांगताना सगळे मोटरच्या ताकदीवर भर देतात. मला त्यातला ‘दुरुस्त होईना’ हा भाग महत्त्वाचा वाटतो. पुढे त्या कंपनीचा दबदबा ओसरला, तरी तिचे मिक्सर कित्येक घरांत आजही फिरताहेत. ते फिरतात, कारण त्यांचं पोट साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडतं.

त्या पोटात डोकावलं की एक शहाणपण दिसतं. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन झिजण्यासाठीच असतात. ते झिजतात म्हणून तांब्याचा कम्युटेटर वाचतो. भांडं आणि मोटर यांच्यामधला कपलर मुद्दाम मऊ केलेला असतो. पात्याखाली खोबऱ्याचा तुकडा अडकला, तर आधी कपलरचे दात जातात आणि मोटर बचावते. खाली लाल बटण असतं. भार वाढला की ते सुटतं आणि यंत्र बंद पडतं. म्हणजे काय आधी बिघडायचं, हे करणाऱ्याने ठरवूनच ठेवलेलं असतं. प्रेशर कुकरचंही तेच. पाणी आटलं तर सेफ्टी व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळतो आणि वाफ बाहेर पडते. व्हॉल्व्ह नवा बसवायचा, गॅस्केट बदलायची, की कुकर पुन्हा शिट्ट्या द्यायला मोकळा. आजीच्या पितळी पातेल्याची कल्हईही याच जातीची: कथलाचा पातळ थर स्वतः झिजायचा आणि ताक कळकू द्यायचा नाही. थर गेला की दारात भाता घेऊन बसलेला कल्हईवाला नवसागर टाकून नवा चढवायचा.

झीज ठरवून ठेवण्याचा दुसरा, लबाड प्रकारही आहे. 1924 साली बड्या बल्ब कंपन्यांनी फीबस नावाचा संघ करून दिव्याचं आयुष्य हजार तासांवर आणून ठेवलं. तिथे बदलण्याजोगा भागच नव्हता. दिवा गेला की नवा दिवा. आजच्या अनेक मिक्सरांत प्लॅस्टिकचं कवच खाचांत असं अडकवलेलं असतं की उघडताना तेच तुटतं, आणि काही मोटरींच्या गुंडाळीत तांब्याऐवजी ॲल्युमिनियम असतं. अशा मोटरीला रिवाइंड करायला कारागीरही राजी नसतो.

मग सगळंच जुनं जपावं का? नाही. 500 वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटं चालला, तर महिन्याला अडीच युनिट जळतात. नव्याने त्यातलं अर्धं वाचवलं तरी सव्वा युनिट. फ्रिज मात्र रात्रंदिवस जोडलेला असतो, तिथे जुनाट कॉम्प्रेसर बिलात महिनोन्‌महिने बोलतो. त्यातून तो सीएफसीच्या जमान्यातला असेल, तर त्या वायूचं उत्पादन माँट्रियल करारानुसार 2010 पर्यंत आपल्याकडे थांबलं आहे. अशा फ्रिजला निरोप द्यावा, जुन्या मिक्सरला नाही. त्याची वायर तेवढी आधी बदलून घ्यावी. कापडी वेष्टणाची वायर आणि अर्थिंग नसलेली दोन पिनांची जोडणी यांत जपण्यासारखं काही नाही.

कायदाही आता दुरुस्तीच्या वाटेने येतो आहे. युरोपीय संघात 2021 पासून फ्रिज, वॉशिंग मशीन, डिशवॉशर यांचे सुटे भाग सात ते दहा वर्षं पुरवण्याचं बंधन आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. पाऊल चांगलंच आहे. पण सात वर्षांचं कौतुक वाचून, माझ्या ओळखीच्या एका दुकानात मिळणारे पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या भांड्यांचे कपलर आठवले आणि हसू आलं. हे भाग कुठल्या नियमाने मिळत नाहीत. गल्लीतला कुणीतरी ते मागत राहतो, म्हणून कुणीतरी ते करत राहतो.

तो गल्लीतला माणूस आता विरळ होतो आहे आणि त्यात कंपन्यांइतकाच आपलाही हात आहे. सर्व्हिस सेंटरचा माणूस घरी येऊन फक्त पाहून गेला, तरी त्याचे पैसे आपण मुकाट भरतो. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने तासभर खपून आर्मेचर साफ केलं, बुशला तेल घातलं, पात्यांना धार लावली आणि दीडशे रुपये मागितले, की शंभरावर घासाघीस सुरू होते. ‘एवढंच तर केलंत’ असं वर ऐकवलंही जातं. आणि त्याने मुलाला मोबाइलच्या दुकानात चिकटवलं, तर हल्ली कामाची माणसंच मिळत नाहीत, ही तक्रार आपण त्यालाच जाऊन सांगतो.