हात लावलेला घोडा

बुद्धिबळाचा एक नियम आमच्या मोहल्ल्यातल्या लहान पोरालाही पाठ असतो. ज्या मोहऱ्याला हात लावला, तोच चालायचा. चाल चुकीची ठरो, डाव हातचा जावो, हात लावला म्हणजे लावला. मोहरा घरात नीट बसवायचा असेल तर आधी तोंडाने तसे सांगायचे आणि मगच बोट लावायचे. सांगून झालेल्या स्पर्शाला माफी आहे, न सांगता झालेल्याला नाही. मी हा नियम माझ्या शाळेतल्या मुलांना शिकवते. या नियमापायी माझ्यावर जी वेळ आली ती लिहायची की नाही, या विचारात दोन-तीन वर्षे गेली.

मी मिरजेत वाढले. तंतुवाद्ये करणाऱ्या कारागिरांच्या घरांतून फिरताना वाळत घातलेले भोपळे दिसायचे आणि दुपारच्या विसाव्याला एखाद्या ओट्यावर मांडलेला पटही. अब्बा तिथेच खेळायला शिकले आणि त्यांनी मला शिकवले. त्यांचा खेळ देशी पद्धतीचा होता. प्यादे एकेक घरच पुढे जायचे. सांगली तर हाकेच्या अंतरावर. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ काढले आणि त्या गावाने या खेळाला आयुष्ये वाहिली. सांगलीची स्वाती घाटे पुढे महिला ग्रँडमास्टर झाली. आमच्या भागात त्यामुळे रविवारच्या स्पर्धांना तोटा नाही. मंगल कार्यालयाचा हॉल, सतरंज्या किंवा टेबले, गुंडाळी करून आणलेले रेक्झिनचे पट, प्लास्टिकचे मोहरे, स्विस पद्धतीच्या सात फेऱ्या, आणि बाहेर डबे घेऊन बसलेल्या आया. माझा जीव रमतो तिथे.

शाळेत बुद्धिबळ सुरू करायचे ठरवले तेव्हा मात्र कमिटीतल्या एका बुजुर्गांनी हरकत घेतली. शतरंज जायज आहे का? प्रश्न नवा नव्हता. आम्ही देशावरचे बहुतेक हनफी, आणि हनफी उलेमांची मते या खेळाविषयी कडक आहेत. कोकणातले आपले बांधव शाफई. इमाम शाफईंच्या मजहबात मकरूह म्हटले तरी अटींवर सूट आहे. पैसा लावू नये, नमाज चुकू नये, तोंडाने वाईटसाईट बोलू नये. ताबईंपैकी सईद बिन जुबैर पटाकडे पाठ करून खेळत, असे सांगितले जाते. मी तयारी करून गेले होते. बगदादच्या दरबारातल्या अस-सूलीने मांडलेला एक डाव जवळजवळ हजार वर्षे कोणाला सुटला नाही आणि अखेर युरी अव्हरबाख या रशियन ग्रँडमास्टरने तो सोडवला, हे सांगितले. मीर सुलतान खान सांगितला. एका जमीनदाराच्या पदरी राहणारा हा पंजाबी माणूस १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश विजेता झाला आणि हेस्टिंग्जच्या १९३०-३१च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले. भोपाळचे सुतारकाम करणारे रफीक खान सांगितले, ज्यांनी १९८०च्या माल्टा ऑलिंपियाडमध्ये आपल्या पटावर रौप्यपदक मिळवले. शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द फारसीतून आले आणि मराठीत इतके मुरले की आता ते कोणाचे हे कोणी विचारत नाही, हेही सांगून घेतले.

बुजुर्गांनी सगळे शांतपणे ऐकले. सौदीच्या मुफ्तींनी २०१६ मध्ये या खेळाविरुद्ध मत दिल्याचे त्यांनी सांगितले. मी म्हटले, त्याच सौदीत २०१७ च्या डिसेंबरात जागतिक जलद स्पर्धा झाली आणि ती आपल्या आनंदने जिंकली. इराणने १९७९ च्या इन्किलाबनंतर बंदी घातली आणि १९८८ मध्ये खुद्द खोमेनींनी ती उठवली. (हा वाद मिटलेला नाही. मे २०२५ मध्ये अफगाणिस्तानात तालिबानने बुद्धिबळ थांबवले.) ते हसले आणि म्हणाले, "बेटी, जुगार नाही, मान्य. नमाजही चुकणार नाही, मान्य. पण या खेळात झूठ नसेल, याची हमी कोण देणार?"

मी म्हणाले, "मी देते."

ती स्पर्धा २०२२ च्या डिसेंबरात झाली. वर ज्या मंडळाचे नाव घेतले त्याची ती नव्हती, गावही दुसरे होते. चौदा वर्षांखालचा गट, शेवटची फेरी. माझा सातवीतला विद्यार्थी एका मुलीशी खेळत होता. ती दुष्काळी पट्ट्यातल्या एका खेड्यातून एकटीच आली होती, म्हणजे शेजारच्या कोणा काकांबरोबर, आणि काका बाहेर चहाच्या गाड्यावर. माझ्या मुलाकडे दोन मिनिटे उरली होती. त्याचा घोडा एकाच कामावर होता, राजाशेजारचे एक घर राखायचे. तो हलला की मुलीचा वजीर त्या घरात उतरून मात देणार होता. घोडा काळ्या घरातून पांढऱ्यात जातो, पांढऱ्यातून काळ्यात. त्यामुळे एक चाल चालल्यावर आधी राखलेले घर त्याच्या ताब्यात राहूच शकत नाही. म्हणजे त्या घोड्याला हात लावणे हीच हार होती.

त्याने हात लावला. नुसता लावला नाही, उचलला. बोटभर उंच. मग त्याच्या ध्यानात आले आणि त्याने तो परत त्याच घरात ठेवला आणि प्यादे चालले. मुलगी त्या क्षणी मान खाली घालून कागदावर आधीची चाल लिहीत होती. निदान मला तसे वाटले. पंच चार टेबले पलीकडे. मी दोरीच्या बाहेर उभी. मुलाने मान वर केली आणि आमची नजरानजर झाली.

मी काही बोलले नाही. दहा चालींनंतर मुलीचा एक मोहरा फुकट गेला आणि तो जिंकला. तिसरे बक्षीस, करंडक आणि पाचशे रुपये. शाळेच्या फलकावर नाव लागले. त्या बुजुर्गांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दुआ दिली.

घरी येईपर्यंत माझ्याकडे कारणे तयार होती. शिक्षकाला वकिलाइतकीच सवय असते त्याची. पहिले कारण नियमाचे. प्रेक्षकाने डावात पडायचे नसते. हे खरे आहे, पण अर्धेच. गैरप्रकार दिसला तर पंचाच्या कानावर घालायची मुभा नियमातच आहे, आणि मला ती ठाऊक होती. दुसरे कारण हरकतीचे. प्रतिस्पर्ध्याने स्वतःचा मोहरा हातात घेण्याआधी हरकत घ्यायची असते, नाहीतर हक्क जातो. तिने घेतली नाही, मग प्रश्न मिटला. मिटला का? हरकतीची मुदत संपल्याने पंचाचे काम संपते. घोडा उचलला गेला होता, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही.

तिसरे कारण मला जास्त भारी वाटत होते. परदापोशी. दुसऱ्याचा ऐब झाकावा, ही आपली तालीम. बारा-तेरा वर्षांच्या पोराला भर हॉलमध्ये चोर ठरवायचे का? यावर मी पुष्कळ विचार केला. झाकायचा तो असा ऐब, ज्याचे नुकसान ऐब करणाऱ्यापुरते आहे. इथे टेबलाच्या पलीकडे एक माणूस बसले होते. सूरह निसामध्ये गवाहीचा जो हुक्म आहे तो स्वतःविरुद्ध आणि आईबापांविरुद्धही इन्साफाने उभे राहण्याचा आहे. विद्यार्थ्याचा अपवाद त्यात मला सापडला नाही.

याच काळात मला बड्या खेळाडूंचे दोन प्रसंग वारंवार आठवत. पहिला स्पेनमधल्या लिनारेसचा, १९९४ चा. जगज्जेता कास्पारॉव्ह आणि सतरा वर्षांची युडिट पोल्गार. कास्पारॉव्हने घोडा एका घरात ठेवला, बोटे सुटली, चूक दिसली आणि त्याने तोच घोडा दुसऱ्या घरात नेला. चित्रफितीत दिसले की बोटे सुमारे पाव सेकंद सुटली होती. हात सुटल्याचे आपल्याला जाणवले नाही, असे त्याचे म्हणणे. पोल्गारने तिथे हरकत घेतली नाही आणि ती हरली. (२००२ मध्ये मॉस्कोत तिने त्याला हरवले, पण तो वेगळा हिशेब.) दुसरा प्रसंग इस्तंबूलचा, २००३ च्या युरोपीय स्पर्धेचा. आझमाइपारशविलीने आधी उंटांची मारामारी करायची सोडून चुकून हत्ती चालला. समोरच्या मालाखोव्हने त्याला चाल परत घेऊ दिली. तो डाव आझमाइपारशविली जिंकला आणि स्पर्धाही.

वरवर दोन्हीकडे एकच घडले, चाल फिरली आणि समोरच्याने चालवून घेतले. पण मालाखोव्हने आपला हक्क आपल्या हाताने सोडला. तो शहाणपणा होता की भोळेपणा यावर वाद घाला, पण देणारा तोच होता. पोल्गारने काही दिले नव्हते. ती गप्प राहिली इतकेच. गप्प राहणे आणि माफ करणे यांत केवढे अंतर आहे! आपल्याकडे हक्कुल्‌इबाद म्हणतात तो हाच मुद्दा. अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करील, पण माणसाचा हक्क त्या माणसानेच माफ करावा लागतो. मी त्या हॉलमध्ये काय केले होते? मुलीच्या वतीने मी माझ्या विद्यार्थ्याला माफ करून टाकले होते. मला तो अधिकार कोणी दिला?

आता खरे कारण सांगते, कारण इथपर्यंतचे सगळे नंतरचे आहे. त्या दोन सेकंदांत माझ्या मनात फिक्ह नव्हता आणि नियमपुस्तकही नव्हते. मनात एकच वाक्य होते, "उर्दू शाळेची पोरं अशीच." ते कोणी उच्चारले नव्हते, कदाचित कोणी उच्चारलेही नसते. एका पोराच्या दोन बोटांचे ओझे साऱ्या कौमच्या खांद्यावर येईल, ही भीती आपल्यापैकी कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. ती खोटी नाही. पण तिच्यापायी मी एका अनोळखी मुलीचे नुकसान करून कौमची इज्जत राखली, आणि तेही तिला न विचारता. उलटे असते तर? घोडा तिने उचलला असता आणि समोर माझा मुलगा असता? मी धावत पंचाकडे गेले असते, आणि त्याला इन्साफ म्हटले असते.

पंधरा दिवसांनी मी मुलाला मधल्या सुट्टीत थांबवले. कसे विचारावे याची जुळवाजुळव करत होते, तर तोच म्हणाला, "टीचर, आपने देखा था ना? आप कुछ बोले नहीं, तो मला वाटलं चालतं."

पुढे फार काही सांगण्यासारखे नाही. मी आयोजकांना पत्र लिहिले. निकाल बदलता येणार नाही, असे त्यांनी कळवले, ते बरोबरच होते. पत्ता मिळवला आणि एका रविवारी मुलगा, त्याची अम्मी आणि मी एसटीने त्या गावी गेलो. पाचशे रुपये मी माझे घातले नाहीत, त्याने ईदीतून जमवले होते. मुलगी अंगणात भांडी घासत होती. मुलाने खाली बघत सगळे सांगितले. ती म्हणाली, "मला माहीत होतं. घोड्याचं तोंड आधी माझ्याकडं होतं, नंतर भिंतीकडं झालं."

"मग पंचांना का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"मागं तुम्ही हुता की. मला वाटलं, बाई हायत, त्या सांगतील."

तिच्या आईने चहा केला. पैसे घेऊ की नको असे तिने आईकडे बघितले आणि घेतले. करंडक घेतला नाही, त्यावर तिसरा क्रमांक लिहिला होता आणि तिच्या हिशेबाने ती दुसरी आली असती. मग दोघे ओसरीवर खेळायला बसले. बस यायच्या आत तिने त्याला एकदा हरवले आणि दुसरा डाव अर्धा राहिला. आता तो दहावीत आहे, खेळतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत महिला विश्वचषक जिंकला तेव्हा वर्गात येऊन तो म्हणाला, "टीचर, ती गाववाली अजून खेळत असेल का?" मला माहीत नव्हते.

करंडक माझ्या कपाटात आहे. हेडमास्तर अधूनमधून विचारतात, शोकेसमध्ये का नाही ठेवला. मी त्यांना सगळे सांगितले आहे, पण ते विसरतात, किंवा विसरल्यासारखे करतात. कमिटीतल्या त्या बुजुर्गांना मात्र मी अजून काही सांगितलेले नाही. हमी त्यांना दिली होती.