ओळखीला वेळ द्या

जपानच्या गल्ल्यांत काही मांजरांच्या कानाच्या टोकाला छोटीशी खाच दिसते, साकुराच्या पाकळीसारखी. या मांजराची नसबंदी झाली आहे, याला पुन्हा पकडू नका, अशी ती खूण.

2004 साली तिथल्या निराधार प्राण्यांच्या सरकारी केंद्रांत दोन लाखांहून अधिक मांजरं मारली गेली. 2022 मध्ये हा आकडा दहा हजारांखाली आला. नसबंदीसाठी राबणारे स्वयंसेवक आणि निराधार मांजर घरी नेणारी कुटुंबं यांचा त्यात मोठा वाटा आहे.

पण घरी आधीच एक मांजर असेल तर? नवीला लगेच तिच्यासमोर सोडायचं नाही. काही दिवस वेगळी खोली द्यायची. एकीच्या अंगावरून फिरवलेलं फडकं दुसरीजवळ ठेवायचं. वास ओळखीचा होतो. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, आणि मग दार थोडं किलकिलं. कुणी फिसकारलं तर रागवायचं नाही, एक पायरी मागे यायचं. जुनीची जागा आणि तिचं भांडं तिचंच राहू द्यायचं. जपानमधल्या अनेक संस्था कायमचं दत्तक देण्याआधी म्हणूनच चाचणीचा काळ ठेवतात.

निवारा एका दिवसात देता येतो, विश्वासाला मात्र दिवस जावे लागतात. माणसांचंही तसंच. घरात आलेली सून असो, वर्गातला नवा विद्यार्थी असो, वा शहरात आलेला परका माणूस. त्याला आपलं म्हणण्याची घाई करण्याआधी त्याला निर्धास्त होऊ द्यावं. आणि जे आधीपासून आपले आहेत, त्यांचा मान तसूभरही कमी होऊ देऊ नये.