तारखेचा शिक्का

पुस्तक कपाटात टिकवणारा हात तुम्हाला दिसत नाही. तो माझा. आमच्या वाचनालयात वर्षानुवर्षं न फिरलेली पुस्तकं बाद होतात. यंदाच्या यादीत 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' आलं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं हे भाषण होऊच दिलं नाही, म्हणून बाबासाहेबांनी पदरच्या पैशानं छापलं. तेच मी रद्दीत घालू?

तारखेच्या चिठ्ठीवर खोटा शिक्का मारला. पुस्तक वाचलं; पण कुणी वाचलं नव्हतं. मीही नाही.

विहारात चौथं शील मीच मोठ्यानं म्हणतो. समितीला फसवलं, त्याचं खरं सांगू, काही वाटत नाही. पण तो शिक्का आपल्याबद्दल खोटं बोलतो : वस्तीतलं कुणी आलं, पुस्तक घेऊन गेलं. जयंतीच्या वर्गणीला सगळे असतात हो.

आता माझ्या नावावर काढलंय. निम्मं झालंय. शनिवारी परत कपाटात ठेवीन.