कर्मांवरून न्याय, विश्वासाने तारण

प्रत्येक माणसाला आपल्या आयुष्याचा जाब एके दिवशी देवापुढे द्यावा लागेल, असे ख्रिस्ती धर्म सांगतो. त्या न्यायातून माणूस वाचतो तो ख्रिस्तावरच्या विश्वासाने, स्वतःच्या पुण्याईवर कोणी वाचत नाही, असेही तोच धर्म सांगतो. मग कर्मांवरून निवाडा व्हायचा तर विश्वासाचे काय काम, आणि विश्वासाने तारण मिळायचे तर कर्मांचा हिशेब कशाला? ख्रिस्ती विचार दोन हजार वर्षे या प्रश्नाशी झुंजत आला आहे.

न्यायाची शिकवण ख्रिस्ताहून जुनी आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तकोवा गावचा मेंढपाळ आमोस उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात जाऊन परमेश्वराच्या दिवसाबद्दल बोलू लागला. त्या दिवशी देव आपल्या शत्रूंचा समाचार घेईल, अशी लोकांची समजूत होती. तो दिवस तुमच्यासाठीच अंधाराचा असेल, असे आमोसाने बजावले. पायतणाच्या जोडासाठी गरिबाला विकणे, खोट्या तराजूने धान्य मोजणे, हे त्याचे आरोप होते. देवाच्या न्यायाची वाट नाडलेल्या माणसाने आशेने पाहावी आणि नाडणाऱ्याने धास्तीने, हा अर्थ तिथून पुढे कायम राहिला. ‘नरकाची भीती’ एवढ्यावरच ही शिकवण आटोपणारे तिचा गाभाच गमावतात.

येशूच्या शिकवणीत हा धागा अधिक घट्ट होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा न्यायासनावर बसतो आणि मेंढपाळाने मेंढरे व शेरडे वेगळी करावीत तशी माणसे वेगळी करतो. कसोटी एकच: भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला आसरा दिला का, आजाऱ्याची आणि तुरुंगातल्या माणसाची विचारपूस केली का. धर्ममताबद्दल एकही प्रश्न नाही. निकाल ऐकून दोन्ही बाजूंचे लोक चकित होतात, कारण त्या दुबळ्यांच्या रूपात आपण राजालाच भेटत होतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

तारणाची बाजू सर्वांत सविस्तर मांडली ती प्रेषित पौलाने, इ.स. 57च्या सुमारास रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात. नियमशास्त्र हाती असलेला यहुदी आणि केवळ सदसद्विवेकबुद्धीवर चालणारा परका, दोघेही देवापुढे दोषीच ठरतात, असे तो आधी दाखवतो. मग तो अब्राहामाचे उदाहरण घेतो. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहाम देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो आणि नीतिमान गणला जातो. सुंतेची आज्ञा येते सतराव्या अध्यायात आणि मोशेचे नियमशास्त्र त्याच्याही कितीतरी पिढ्यांनंतर. म्हणजे विधी आणि नियम पाळण्याआधीच देवाने त्याला आपलेसे केले होते. या युक्तिवादात न्याय रद्द होत नाही. पौलाच्या मते तो वधस्तंभावर होतो, आणि न्याय करणारा स्वतःच दोषींच्या जागी उभा राहतो. ख्रिस्ती शिकवणीतले हे सर्वांत धाडसी विधान होय.

पश्चात्तापाची जागा न्याय आणि तारण या दोहोंच्या मध्ये आहे. लूकने सांगितलेल्या दाखल्यातला उधळ्या पुत्र परदेशात वाट्याची मालमत्ता उडवतो, डुकरे राखतो आणि अखेर घरी निघताना बापापुढे काय बोलायचे ते मनाशी ठरवतो: आपण पाप केले, मुलगा म्हणवून घेण्यास आपण लायक नाही, आता चाकर म्हणून ठेवावे. बाप त्याला दुरून पाहतो, धावत जाऊन मिठी मारतो. मुलगा बोलू लागतो, पण चाकरीची विनंती त्याच्या तोंडून निघण्याआधीच बाप उत्तम झगा आणायला सांगतो. क्षमा पश्चात्तापाची मजुरी म्हणून मिळालेली नाही. तरीही वाटेला लागल्याशिवाय मुलगा घरी पोचला नसता. त्याच शुभवर्तमानातला जकातदार जक्कय, येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरल्यावर, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे कबूल करतो. ज्याचे नुकसान झाले त्याला वगळून केलेला पश्चात्ताप बायबलला मान्य नाही.

तारणात माणसाचा वाटा किती, हा वाद पुढेही चालू राहिला. पाचव्या शतकात पेलागियस या संन्याशाने माणूस स्वतःच्या इच्छाबळाने पापमुक्त जगू शकतो असे म्हटले. बिशप ऑगस्टीनने त्याला विरोध केला आणि 418 साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची मते नाकारली. मोठे वादळ उठले ते सोळाव्या शतकात. मार्टिन ल्यूथर हा ऑगस्टिनियन संन्यासी उपवास करी, जागरणे करी, पापनिवेदनात तासन्‌तास घालवी, तरी देवाच्या न्यायाची धास्ती जाईना. रोमकरांस पत्राचा अभ्यास करताना त्याला उमगले की देव ज्या नीतिमत्त्वाची मागणी करतो, ते तोच विश्वासाने स्वीकारणाऱ्याला देतो. त्याच सुमारास रोममधील सेंट पीटर्सच्या बांधकामासाठी जर्मनीत पापविमोचनपत्रे विकली जात होती. त्यांच्या विरोधात 1517मध्ये मांडलेल्या पंचाण्णव प्रबंधांपैकी पहिल्यातच ल्यूथरने पश्चात्ताप हा आयुष्यभराचा असतो असे मांडले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1547मध्ये उत्तर दिले: आरंभ कृपेनेच होतो, पण माणूस त्या कृपेला साथ देतो आणि विश्वास प्रीतीशिवाय पुरा होत नाही. पुढे 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तारण कृपेने व विश्वासाने मिळते, आपल्या गुणांवर नव्हे, हे दोन्ही पक्षांनी मान्य केले. साडेचार शतकांच्या दुराव्यानंतरची ही सहमती फार मोलाची आहे.

विश्वास म्हणजे काही मतांना मान डोलावणे नव्हे, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात स्पष्ट दिसते. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. सत्कृत्यांची उणीव नव्हती. तरी 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की धर्म पटला होता, ख्रिस्त मात्र भेटायचा होता. आपल्याच प्रवचनाने पालट झालेल्या विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचून त्या अंतर्मुख झाल्या, आणि बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना शांती लाभली. पुढे 1896-97च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना आसरा दिला आणि केडगावात मुक्ती सदन उभे राहिले. कृतीविना विश्वास मृत आहे, असे याकोबाचे पत्र सांगते. पौलाने आधाराला घेतलेल्या अब्राहामाचेच उदाहरण तेही घेते, पण इसहाकाला वेदीवर ठेवण्याच्या प्रसंगातून. पौल मुळाविषयी बोलतो आणि याकोब फळाविषयी, अशी संगती अनेक भाष्यकार लावतात. मत्तयातला न्यायनिवाडाही त्यांना याच फळाची पारख वाटते.

ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही त्यांचे काय, यावर मात्र एकवाक्यता नाही. अनेक इव्हँजेलिकल पंथ उघड विश्वासाची अट सोडत नाहीत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964मध्ये असे म्हटले की स्वतःचा दोष नसताना जे शुभवर्तमानाला पारखे राहिले, पण प्रामाणिकपणे देवाचा शोध घेत विवेकाला अनुसरून जगले, त्यांनाही कृपेने तारण मिळू शकते. चौथ्या शतकातल्या निस्साचा बिशप ग्रेगरी याने तर अखेरीस सर्वांचाच उद्धार होईल अशी आशा धरली होती. मुख्य प्रवाहाने तिला सिद्धान्ताचे स्थान दिले नाही.