लेकरांच्या पावलाने



सुट्टी लागली की आपल्यापैकी अनेक कुटुंबे समुद्रकिनारी फिरायला जातात. अलिबागला ओहोटीच्या वेळी पाणी मागे सरते आणि ओल्या वाळूतून, खडकांतून चालत थेट कुलाबा किल्ल्यात जाता येते. 1680 साली शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचे काम सुरू केले. मोठ्यांचे लक्ष किल्ल्याकडे असते. मुलांना मात्र वाटेतला खेकडा, शिंपला, खडकातले डबके हेच सारे काही असते. दर दहा पावलांवर मूल बसकण मारते.

मूल थांबते, पण समुद्र थांबत नाही. ओहोटीनंतर सुमारे सहा तासांत पुन्हा पूर्ण भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते. किनाऱ्यावरच्या जाणत्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब न करता उशिरा निघालेला बाप मग मुलाचा दंड धरून ओढतो, ओरडतो. किल्ला पाहून होतो, फोटोही निघतात; मुलाच्या मनात मात्र बाबांचा रागावलेला चेहराच राहतो.

उत्पत्तीच्या पुस्तकात (33:12-14) एसाव आपल्या भावाला बरोबर चलण्याचा आग्रह करतो. याकोब त्याला सांगतो की मुले सुकुमार आहेत, तू पुढे हो, मी त्यांच्या चालीने सावकाश येईन. याकोबाच्या मनात भावाविषयी थोडी धास्तीही असेल. तरीही त्याच्या बोलण्यातले शहाणपण खरेच आहे. काफिल्याचा वेग सर्वांत लहान पावलांनी ठरवायचा असतो.

मात्र मुलांच्या चालीने चालायचे, तर घरून लवकर निघावे लागते. सहनशीलता ऐनवेळी आभाळातून पडत नाही, तिची तयारी आधी करावी लागते. आणि वेळ कमी पडला, तर किल्ला न पाहता अर्ध्या वाटेवरून परत फिरण्यात हार नाही. उलट, आपल्याला किल्ल्यापेक्षा ते अधिक मोलाचे आहे, हे मुलाला तेव्हाच कळते.

ही गोष्ट केवळ सहलीची नाही. रविवारी सकाळी मिस्सेला येताना किती घरांत आरडाओरड होते! शांतीच्या प्रभूला भेटायला आपण मुलांना रडवत आणतो. ‘सिनड’ या मूळ ग्रीक शब्दात ‘सोबत’ आणि ‘वाट’ असे दोन अर्थ आहेत. सोबतीची ही वाट आपल्या उंबऱ्यापासून सुरू होते. त्या वाटेवर लहान मुले आहेत, तसेच काठी टेकत येणारे आजी-आजोबाही आहेत.

पुढच्या रविवारी पंधरा मिनिटे आधी निघा. मुलाचे बोट धरा. वेग त्याला ठरवू द्या.

परमेश्वर आपल्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू