येऊन राहिलेलें दुखणें

दुखणीं दोन जातींचीं असतात. कांहीं येतात आणि जातात. कांहीं येतात आणि घरांतलींच होऊन राहतात. पहिल्या जातीच्या दुखण्याशीं माणसानें कसें वागावें याविषयीं फारसा वाद नाहीं. वैद्य आणावा, औषध द्यावें, जागरण करावें आणि निकालाची वाट पाहावी. दुसऱ्या जातीच्या दुखण्याला निकालच नसतो. आपल्या जुन्या वैद्यांनीं त्याला 'याप्य' असें नांव देऊन साध्य आणि असाध्य यांच्यामध्यें त्याची जागा करून ठेवली आहे. अशा दुखण्यावरील उपचाराला सुश्रुतानें पडूं घातलेल्या घराच्या टेकूची उपमा दिली आहे. टेकू नीट बसला तर घर उभें राहतें. तें दुरुस्त झालें असें मात्र कोणीं समजूं नये.

माणसाच्या बाबतींत हा टेकू देतांना आपण त्या घरांत राहणाऱ्याला निदान विचारतों तरी. राहणारा मुका असला म्हणजे पंचाईत येते. गेलें दीड वर्ष ही पंचाईत आमच्या घरीं ठाण मांडून बसली आहे, म्हणून तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहें. ज्यांच्या घरीं म्हातारें कुत्रें किंवा मांजर आहे त्यांना हें वाचतांना हसूं येणार नाहीं. इतर वाचक हसले तरी माझी तक्रार नाहीं.

माझ्या लहानपणीं म्हातारें झालेलें मांजर पाहिल्याचें मला आठवत नाहीं. मांजरें येत, पिलें देत, आणि एक दिवस दिसेनाशीं होत. कुत्रीं पिसाळत, किंवा रस्त्यावर चाकाखालीं जात. आतां लसी आहेत, बंद दाराचीं घरें आहेत, वेळेवर मिळणारें अन्न आहे. मांजर चौदा-पंधरा वर्षें सहज जगतें. आणि म्हातारपणाबरोबर माणसाला जें जें येतें तें तें त्यालाही येतें : मूत्रपिंडाचा ऱ्हास, मधुमेह, सांधेदुखी, हृदयाचा अशक्तपणा. आपल्याकडे हत्तींचा आयुर्वेद पालकाप्याच्या नांवावर आहे आणि घोड्यांचा शालिहोत्राच्या. राजाच्या उपयोगीं पडणारा प्राणी आजारी पडला तर काय करावें, हें शास्त्रानें लिहून ठेवलें. ज्याचा कांहींएक उपयोग नाहीं, जो केवळ आपला आहे, त्याच्या लांबलेल्या दुखण्यांत काय करावें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें.

आमची मनी तेरा वर्षांची असतांना पाणी फार पिऊं लागली. उन्हाळा होता, आम्हीं तें उन्हाळ्याच्या खात्यावर लिहिलें. मग ती बादलीच्या कांठावर चढून पिऊं लागली, आणि अंगानें उतरली. रक्त तपासल्यावर डॉक्टरबाईंनीं कागद पुढें ठेवून समजावून सांगितलें. मूत्रपिंड निकामी होऊं लागलें कीं लघवी घट्ट करण्याची त्याची शक्ति आधीं जाते. पाणी शरीरांत टिकत नाहीं, म्हणून जनावर पाणी पीत राहतें. ही तहान आपल्या लक्षांत येते तोंवर मूत्रपिंडाचा सुमारें दोनतृतीयांश भाग गेलेला असतो. रक्तांत क्रिएटिनिन वाढलेलें दिसतें तेव्हां सुमारें तीनचतुर्थांश. गेलेला भाग परत येत नाहीं. उरलेला किती दिवस पुरवावयाचा, एवढेंच हातीं असतें. त्यासाठीं फॉस्फरस कमी असलेलें अन्न, रक्तदाब वाढून डोळे जाऊं नयेत म्हणून रोज गोळीचा एक तुकडा, आणि शरीर कोरडें पडूं नये म्हणून दोन खांद्यांच्या मध्यें कातडीखालीं सुई घालून सलाईन. तें घरीं देतां येतें. 'शिकाल तुम्ही,' डॉक्टरबाई म्हणाल्या. मी पंचवीस वर्षें तर्कशास्त्र शिकवीत आलों आहें. मांजराची कातडी एका हाताच्या चिमटींत उचलून दुसऱ्या हातानें सुई घालणें त्या शास्त्रांत कोठें बसत नव्हतें. पण शिकलों.

अन्नाची गोष्ट त्याहून अवघड. नामदेव तुपाची वाटी घेऊन पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागें धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतों. मीही रोज वाटी घेऊन धावत असें. पण माझ्या वाटींत मनीला नको असलेलें अन्न, आणि तिला हवी असलेली सुकट कपाटांत कुलुपाआड. नामदेवांचें काम त्या मानानें सोपें होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. माणूस सुई सहन करतो तो एका सौद्याच्या पोटीं : आजचें दुःख देऊन उद्यांचे दिवस विकत घ्यावयाचे. हा सौदा त्याला कळतो, म्हणून सुईची बोंच निम्मी होते. मनीला सौदा ठाऊक नाहीं. जो हात रोज डोकें खाजवतो तोच आज टोंचतो आहे, एवढेंच तिला समजतें. मग तिच्या आजच्या दुःखाची किंमत तिच्या उद्यांच्या खात्यांतून फेडण्याचा मला काय अधिकार? त्यावरून मीं असा निष्कर्ष काढला कीं मुक्या प्राण्याचा प्रत्येक दिवस त्या दिवसापुरता फायद्यांत असला पाहिजे. कर्ज काढून त्याच्यासाठीं पुढचा दिवस आणतां येणार नाहीं. कित्येक आठवडे मी या युक्तिवादावर खूष होतों. मग मनीनेंच त्याला भोंक पाडलें. सुया ठेवलेला खण उघडल्याचा आवाज आला कीं ती पलंगाखालीं जाऊं लागली. म्हणजे पुढचा काळ तिलाही होता. निदान पुढचीं पांच मिनिटें होतीं, आणि तीं भीतीनें भरलेलीं होतीं. सौद्यांतला लाभ तिला दिसत नव्हता, पण सौद्याची वेळ जवळ आली हें मात्र कळत होतें. माझ्या सिद्धांतांत धरलेल्या स्थितीपेक्षां ही स्थिति वाईट होती.

आमच्या शेजारीं एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्या कुत्र्याला मधुमेह आहे. कुत्र्याचा मधुमेह बहुधा जन्माचा सोबती असतो. सकाळ-संध्याकाळ, खाण्याच्या वेळीं, इन्शुलिन टोंचावें लागतें. गेल्या तीन वर्षांत या गृहस्थांनीं परगांवचें एकही लग्न पाहिलेलें नाहीं. मोतीबिंदूनें कुत्र्याचे डोळे गेले, तरी जिन्याच्या पायऱ्या तो मोजल्यासारखा उतरतो. त्या दोघांना पाहतांना मला इन्शुलिनचा इतिहास आठवतो. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढलें, त्याला मधुमेह झाला, आणि रोगाचा उगम कोठें आहे तें कळलें. १९२१ सालीं टोरांटोस बँटिंग आणि बेस्ट यांनीं असेच कुत्रे मधुमेही करून त्यांना स्वादुपिंडाचा अर्क टोंचून पाहिला, आणि १९२२ च्या जानेवारींत तो अर्क एका मुलाला दिला गेला. त्या कुत्र्यांच्या बाबतींत सौदा कोणता होता? दुःख त्यांचें, आणि दिवस मिळाले ते दुसऱ्यांना. आमच्या शेजाऱ्यांनाही मधुमेह आहे; एकाच फ्रिजमध्यें दोघांच्या कुप्या असतात. ते म्हणतात, 'मी ह्याचं देणं लागतो, प्रोफेसर.' मी त्यांच्याशीं वाद घालीत नाहीं. पण देणें फेडावयाचें तर घेणाऱ्याला तें हवें असावें लागतें, हा विचार मनांतून जात नाहीं.

आपल्या देशांत अशा वेळीं दोन उत्तरें तयार असतात. एक पांजरपोळाचें. १८३२ सालीं मुंबईंत भटकीं कुत्रीं मारण्यावरून दंगा झाला, आणि १८३४ सालीं भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. जीव आपण होऊन जाईपर्यंत त्याला सांभाळावें, मारूं नये, हें त्याचें सूत्र. दुसरें उत्तर १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत दिलें गेलें. वेदनेनें तळमळणाऱ्या आणि बरें होण्याची आशा न उरलेल्या एका वासराला गांधीजींनीं विषाचें इंजेक्शन देवविलें, आणि ही अहिंसाच आहे असें उघड लिहिलें. त्यावर संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. मला स्वतःला गांधीजींचें धैर्य पांजरपोळाच्या धीरापेक्षां मोठें वाटतें. पण दोन्ही उत्तरें मनीला लागू पडेनात. ती तळमळत नव्हती. सकाळीं सुई, दुपारीं गॅलरीच्या उन्हांत पाय पसरून झोंप, संध्याकाळीं कबुतराकडे पाहून दांत वाजवणें. वासराचा दिवस एकरंगी होता. हिच्या दिवसांत काळें किती आणि पांढरें किती हें मोजावयाचें होतें, आणि मोजणारा मीच. युधिष्ठिराचा येथें उपयोग नाहीं. त्याचा कुत्रा स्वर्गाच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनीं चालत गेला होता.

पैशाचा प्रश्न टाळण्याची माझी इच्छा नाहीं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या यजमानांचींही मूत्रपिंडें गेलीं आहेत; आठवड्यांतून तीनदां डायलिसिस. एका स्वयंपाकघरांत एकाच रोगाच्या दोन रुग्णांच्या गोष्टी निघाव्यात आणि त्यांतला एक मांजर असावा, ही लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे. बाईंच्या खर्चाला आम्ही हातभार लावूं लागलों तो मनीच्या दुखण्यानंतर. त्याआधीं वर्षभर त्यांचे यजमान आजारी होते हें आम्हांला माहीत होतें. मांजरावरचा खर्च वांचला कीं तो आपोआप माणसाकडे जातो असें सांगणारे लोक भेटतात. माझा अनुभव उलट आहे. असो. सुईच्या वेळीं मनीला धरण्याचें काम या बाईच सर्वांत चांगलें करतात. एकदां ती फार धडपडली, तेव्हां मी ओशाळून म्हणालों, 'हिला विचारतां आलं असतं तर बरं झालं असतं.' बाई म्हणाल्या, 'आमच्या ह्यांना बोलतां येतं की, दादा. आज नको म्हणतात. मी कुठं ऐकते?'

संमतीवर मीं आजवर वर्गांत जें जें सांगितलें त्या सगळ्याला हें वाक्य पुरून उरलें आहे.

पुढें डॉक्टरबाईंनीं सुचवलें कीं रोज एक खूण करीत जावी : दिवस चांगला कीं वाईट. मांजर दुखणें लपवतें, म्हणून त्याच्या ओरडण्याची वाट पाहूं नये. तें किती खातें, अंग चाटून स्वच्छ ठेवतें का, नेहमींच्या जागीं उडी मारतें का, माणसांत येऊन बसतें का, एवढें पाहावें. मीं आणि पत्नीनें स्वतंत्र नोंदी ठेवाव्यात ही कल्पना माझी. एकाच उत्तरपत्रिकेला दोन परीक्षक असावेत तशी. महिनाअखेर दोन्ही कागद शेजारीं ठेवले. तीस दिवसांपैकीं अकरा दिवसांवर मतभेद होता. पत्नी भावनाप्रधान आहे असें मीं प्रथम गृहीत धरलें. मग एकेक दिवस पाहूं लागलों. ज्या दिवशीं सुई पहिल्या खेपेस बसली, मनी धडपडली नाहीं, आणि मला कॉलेजचा पहिला तास गांठतां आला, तो दिवस मीं चांगला लिहिला होता. त्यांतल्या सहा दिवसांवर पत्नीची नोंद होती : 'पलंगाखालींच. बाहेर आली नाहीं.' मनी धडपडत नव्हती, कारण तिनें धडपडणें सोडून दिलें होतें. मीं माझा दिवस मोजला होता.

उत्तरपत्रिका तपासण्यांत हयात गेलेल्या माणसाला ही चूक फार लागली.

आम्हीं दोन्ही कागद डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांनीं पुन्हां रक्त तपासलें आणि सलाईन रोजच्याऐवजीं आठवड्यांतून दोनदां द्यावें असें ठरवलें. रक्तदाबाची गोळी मात्र सोडावयाची नाहीं. ती चिमूटभर सुकटींत लपवून द्यावी. 'यानं दिवस कदाचित् कमी होतील,' त्या म्हणाल्या, 'किती, तें सांगतां येणार नाहीं.' पत्नीनें तेथल्या तेथें होकार दिला. मला दोन दिवस लागले, आणि त्या दोन्ही दिवशीं मीं मनीला नेहमींप्रमाणें सुई दिली.

आतां मंगळवार आणि शनिवार हे सुईचे दिवस. खणाच्या आवाजानें ती अजून दचकते, पण पलंगाखालीं जात नाहीं. दाराशीं उभी राहून बघते. नोंदी दोघांच्याही चालू आहेत. माझ्या कागदावर एक जादा रकाना आहे : माझा स्वतःचा दिवस कसा गेला. तो आधीं भरावयाचा, मग तिचा. गेल्या महिन्यांत मतभेद चार दिवसांवर आला. त्या चार दिवसांवरून आम्ही दोघें अजून भांडतों.